‘मम’ म्हणण्याचे गुण

एआयच्या मदतीने चाललेल्या प्रोग्रामिंगचा खेळ करणारे कमांड-लाइन साधन हा एक छोटा, निरुपद्रवी दिसणारा प्रोग्राम असतो. तो स्वतः कोड लिहीत नाही, लिहिलेला तपासत नाही, चुकलेला दुरुस्तही करत नाही. एआय एजंट काम करत असताना शेजारी बसून गुण मांडणे एवढाच त्याचा उद्योग. एजंटाने फाइल बदलली की पाच गुण, टेस्ट पास झाल्या की वीस, सलग सात दिवस हजेरी लावली की एक बिल्ला, आणि पुरेसे गुण साठले की टर्मिनलवर पिवळ्या अक्षरांत ‘लेव्हल 4’. काही साधने अशा वेळी तुतारी वाजवतात. काहींत पडद्याच्या कोपऱ्यात विरामचिन्हांपासून बनवलेले मांजर बसलेले असते आणि प्रोग्रामरने दोन दिवस सुट्टी घेतली की ते मलूल होते. साधन बहुधा फुकट मिळते. त्याचा कर्ता बहुधा एकटाच असतो, आणि त्याने ते एका शनिवार-रविवारी एआयकडूनच लिहून घेतलेले असते.

हे साधन ज्याच्या आधारावर जगते तो एजंट आधी समजून घ्यावा लागतो. जून 2021 मध्ये गिटहब कोपायलट आला तेव्हा तो ओळ पुरी करून देत असे. प्रोग्रामरने सुरुवात करावी आणि त्याने उरलेले सुचवावे, अशी वाटणी होती. फेब्रुवारी 2025 मध्ये अँथ्रॉपिकचे क्लॉड कोड आले, एप्रिलमध्ये ओपनएआयचे कोडेक्स सीएलआय आणि जूनमध्ये गूगलचे जेमिनाय सीएलआय. ही मंडळी टर्मिनलमध्येच मुक्काम ठोकतात. फाइली वाचतात, बदलतात, आज्ञा चालवून पाहतात, टेस्ट नापास झाल्या की पुन्हा प्रयत्नाला लागतात. त्याच फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रे कारपाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव प्रचारात आणले. आपल्यासमोर कोड आहे हेच विसरून जायचे, असा त्या पद्धतीचा गाभा. विसरण्याच्या बाबतीत प्रोग्रामर मंडळींना फारसे शिकवावे लागले नाही.

एजंट महत्त्वाच्या पावलाला परवानगी मागतो. क्लॉड कोड पडद्यावर साधारण तीन पर्याय ठेवते: ‘हो’; ‘हो, आणि यापुढे विचारू नकोस’; ‘नाही, त्याऐवजी असे कर’. पहिल्या तासात प्रोग्रामर प्रत्येक बदल वाचून पहिला पर्याय निवडतो. दुसऱ्या तासात तो न वाचता पहिला निवडतो. जेवणानंतर दुसरा. विचारण्याची कटकटच नको असेल तर ‘डेंजरसली स्किप परमिशन्स’ हा पर्याय आहे. त्याच्या नावातच धोक्याची सूचना आहे, पण ते टंकायला लांबलचक पडते म्हणून लोक त्याला एखादे छोटे टोपणनाव देऊन ठेवतात आणि सूचनेचा प्रश्न मिटवतात. एकूण व्यवस्था सत्यनारायणाच्या पूजेची आहे. मंत्र गुरुजी म्हणतात, कथा गुरुजी सांगतात, पळी केव्हा उचलायची तेही गुरुजीच सांगतात. यजमानाने योग्य जागी ‘मम’ म्हणायचे, आणि पुण्य सगळे यजमानाच्या खाती. आपले साधन ही त्या पुण्याची खातेवही.

पूर्वी खातेवहीची गरज पडत नव्हती, कारण प्रोग्रामिंगचे बक्षीस प्रोग्रामिंगमध्येच होते. अख्खी दुपार छळणारा बग शेवटी भलत्या जागी पडलेल्या एका कंसात सापडला की जो आनंद होई त्याला कोणी गुण दिले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत. फार तर शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवले जाई, आणि तो ‘अरे, हो की!’ म्हणाला की समारंभ संपे. आता तो कंस एजंट चहाचा घोट घेईपर्यंत शोधून काढतो. त्याचा आनंद कोणाला झाला याची चौकशी करण्यात अर्थ नाही. प्रोग्रामरला झाला नाही, एवढे नक्की. आतून मिळणारे बक्षीस आटले की ते बाहेरून आणावे लागते. कोपऱ्यातल्या मांजराचा उगम इथे आहे.

खेळातून वळण लावण्याची कल्पना मात्र जुनी आहे. मराठी परंपरा मोक्षपटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. दान टाकत, चढत-घसरत खेळणाऱ्याने मोक्षाच्या घरापर्यंत पोचायचे. एकोणिसाव्या शतकात हा पट इंग्लंडला गेला. तिथे मोक्ष हळूहळू गळून पडला आणि साप-शिडी तेवढी उरली. संगणकाच्या जगाने उलटा रस्ता धरला: खेळातले गुण, पायऱ्या आणि बिल्ले काढून ते कामाला चिकटवले. 2008 साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने उत्तरे देणाऱ्यांना गुण वाटले, आणि जगभरचे प्रोग्रामर अनोळखी माणसांच्या चुका फुकटात दुरुस्त करू लागले. 2009 सालच्या फोरस्क्वेअर या ॲपने एखाद्या कॉफीच्या दुकानात सर्वांत जास्त वेळा जाणाऱ्याला त्या दुकानाचे महापौरपद दिले. ही साथ इतकी पसरली की नोव्हेंबर 2012 मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने भाकीत केले: तेव्हा चालू असलेल्या अशा उपक्रमांपैकी 80 टक्के उपक्रम 2014 पर्यंत व्यवसायाची उद्दिष्टे गाठू शकणार नाहीत, आणि त्याचे मुख्य कारण सदोष रचना असेल. बिल्ले वाटणाऱ्यांनी हे वाचले आणि आपण उरलेल्या 20 टक्क्यांत आहोत असे समजून वाटप चालू ठेवले.

टर्मिनललाही खेळ परका नाही. 1980 च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ या खेळात वीर पुरुष ॲटच्या चिन्हाने दाखवला जाई आणि राक्षस इंग्रजी मुळाक्षरांनी. ते खेळायला मात्र काम बाजूला ठेवावे लागे, आणि वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले की अडचण होई. आजच्या साधनाने ही अडचण दूर केली. काम आणि खेळ एकाच खिडकीत आले, त्यामुळे मागे उभे राहणाऱ्याला काहीच सिद्ध करता येत नाही.

आता प्रत्यक्ष स्थापना. माहितीपत्रकात ती एका ओळीची असते: ‘एनपीएम इन्स्टॉल’, एक उणे चिन्ह, ‘जी’ आणि साधनाचे नाव. खाली आश्वासन असते की तीस सेकंदांत सगळे तयार. ही तीस सेकंदे कशी खर्च होतात ते क्रमाने पाहिलेले बरे.

पहिला टप्पा नोडचा. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि एनपीएम हा त्याच्यासोबत येणारा पॅकेजांचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांचा, कारभारी. नोड नसेल तर बसवावा लागतो, आणि असेल तर तो जुना असतो. साधनाला नवी आवृत्ती हवी असते. कार्यालयातल्या प्रकल्पाला जुनीच हवी असते, कारण तो प्रकल्प ज्याने लिहिला तो सोडून गेला आहे आणि त्याला हात लावायचा नाही असा ठराव आहे. यावर उपाय म्हणजे आवृत्त्या सांभाळणारे आणखी एक साधन बसवणे. ते बसले की यंत्रावर दोन नोड होतात, आणि टर्मिनलला नेमका नको असलेला दिसतो.

दुसरा टप्पा परवानगीचा. ‘जी’ अक्षराचा अर्थ असा की साधन सगळ्या यंत्रासाठी बसवायचे, आणि ती जागा पुष्कळदा साध्या वापरकर्त्याच्या ताब्यात नसते. टर्मिनल ‘ॲक्सेस’ नाकारल्याची लालभडक ओळ छापते. जाणकार सांगतात, अशा वेळी ‘सुडो’ लावून अधिकार गाजवू नये, फोल्डरची जागा बदलावी. हा सल्ला सर्वांना माहीत असतो. सर्वजण ‘सुडो’ लावतात. मग फाइलींची मालकी प्रशासकाकडे जाते आणि पुढच्या वेळी स्वतःच्याच घरात शिरायला पुन्हा ‘सुडो’ लागतो. खेळात अजून शून्य गुण असताना वापरकर्ता यंत्राचा सर्वोच्च अधिकारी झालेला असतो.

तिसरा टप्पा सर्वांत प्रसिद्ध: ‘कमांड नॉट फाउंड’. साधन बसले आहे, पण शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला, ते सापडत नाही. शेल टंकलेले नाव सगळ्या डिस्कवर शोधत बसत नाही. ठरावीक फोल्डरांची एक यादी असते, तिला ‘पाथ’ म्हणतात, आणि शोध तेवढ्यापुरता. यादीत नवा फोल्डर घालायची ओळ एका लपलेल्या फाइलीत लिहायची असते. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून मूळ शेल झेडशेल आहे, पण जुन्या सूचना बॅशच्या फाइलीत लिहायला सांगतात. त्यामुळे ओळ बरोबर लिहिली जाते आणि चुकीच्या फाइलीत जाते. ती योग्य फाइलीत हलवली तरी काही घडत नाही, कारण टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलेले नसते. विंडोजवाल्यांची कथा थोडी वेगळी. 2016 पासून विंडोजच्या पोटात लिनक्स ठेवता येते. साधन विंडोजमध्ये बसते, एजंट लिनक्समध्ये राहतो, आणि एकाच लॅपटॉपवर नांदत असूनही दोघांची गाठभेट होत नाही.

या धावपळीत एक गोष्ट मागे पडते. मांजराने शेपटी हलवावी म्हणून साधनासोबत इतर अनेक पॅकेजे उतरलेली असतात, आणि त्यांच्यासोबत त्यांची. त्यांची नावे कोणी वाचत नाही. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे 11 ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले, आणि त्याच्यावर टेकलेले असंख्य प्रकल्प एकदम बांधता येईनासे झाले. त्याचे काम शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच होते. सप्टेंबर 2025 मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’सह 18 पॅकेजांमध्ये घातक कोड घुसवला गेला, त्यांचा सांभाळ करणाऱ्याला बनावट ईमेलने फसवून चोरांनी त्याचे खाते मिळवले होते. त्या कोडचा डोळा क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांवर होता. ‘चॉक’चे काम टर्मिनलवरच्या अक्षरांना रंग देणे. ‘लेव्हल 4’ पिवळ्या रंगात दिसण्यासाठी माणूस किती जणांवर विश्वास टाकतो, याचा हिशेब साधन ठेवत नाही. त्याला गुण नाहीत.

एवढ्या वेळात एखाद्याला शहाणपण सुचते आणि तो एजंटालाच सांगतो: हे साधन बसवून दे. एजंट नोड शोधतो, पाथ सुधारतो, योग्य फाइलीत योग्य ओळ लिहितो आणि नम्रपणे अहवाल देतो. ज्याच्या कामाचे गुण मोजायचे त्यानेच मोजणारा आणून बसवला. परीक्षा घेण्याच्या इतिहासात हे नवे पाऊल असले तरी त्यावर कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

बसलेले साधन एजंटाशी जोडणे हा खरा कळीचा भाग. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी ‘हुक’ नावाची सोय आहे. एजंटाच्या दिनक्रमातले काही प्रसंग ठरलेले असतात: सत्र सुरू झाले, माणसाने काही विचारले, एजंट एखादी आज्ञा चालवणार आहे, चालवून झाली, काम थांबले. अशा प्रत्येक प्रसंगी कोणती आज्ञा आपोआप चालवायची ते सेटिंग्जच्या जेसन फाइलीत लिहून ठेवता येते. प्रसंग घडला की त्याची माहिती त्या आज्ञेला पोचते, आणि ती वाचून साधन गुण मांडते. मूळ हेतू गंभीर होता. कोड लिहून झाला की त्याची मांडणी नीट करावी, धोकादायक आज्ञा आधीच अडवावी, काम संपले की घंटी वाजवावी, यासाठी ही सोय. तुतारी ही त्या घंटीची पुढची पायरी.

जेसन ही लिखाणाची अत्यंत सोवळी पद्धत आहे. शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही, आधीच्या नोंदीनंतर तो राहून गेलेला चालत नाही, आणि बाजूला टीप लिहिलेली मुळीच चालत नाही. हुकच्या आज्ञेने शेवटी कोणता आकडा परत करावा यालाही नियम आहे. शून्य म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे अडवा. काम थांबण्याच्या प्रसंगी एखाद्या हौशी कर्त्याचे साधन चुकून दोन परत करू लागले तर एजंटाला थांबण्याचीच मनाई होते आणि तो झालेले काम पुन्हा पुन्हा करत राहतो. टोकन, म्हणजे एआय वाचतो-लिहितो त्या मजकुराचे तुकडे, खर्च होत राहतात, बिल वाढत राहते, गुणही वाढत राहतात. शिवाय हुकची आज्ञा वापरकर्त्याच्या स्वतःच्या अधिकाराने चालते. म्हणजे जे जे त्याला पुसता येते ते ते तिलाही पुसता येते. मांजर पाळण्याआधी एवढे पाहून घेणे इष्ट.

जोडणी झाली की साधन नाव विचारते, आणि मग वर्ण. जादूगार, योद्धा, भटका धनुर्धर असे पर्याय असतात. पाथ दुरुस्त करून थकलेला प्रोग्रामर इथे आश्चर्यकारक गांभीर्याने विचार करतो. बहुतेकांचा कल जादूगाराकडे असतो. ज्याचा कोड कसा चालतो ते त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने आणखी काय निवडावे?

खेळ सुरू होतो आणि पहिल्या दिवशी गुणांची लूट होते. पहिली लेव्हल मिनिटात, दुसरी चहाआधी, तिसरी जेवणाआधी. पुढच्या प्रत्येक पायरीला आधीपेक्षा कितीतरी जास्त गुण लागतात, ही या धंद्याची जुनी युक्ती. माणूस सुरुवातीला वेगाने चढतो, त्या वेगाची सवय लागते, आणि मग शिडीचे दांडे लांब लांब होत जातात. सोबत असते ती स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी. तिचा धाक गुणांपेक्षा मोठा. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर प्रोग्रामरच्या पानावर कधीकाळी अशी साखळी ठळक दिसत असे. मे 2016 मध्ये गिटहबने ती काढून टाकली. हिरव्या चौकोनांचा तक्ता तेवढा राहिला. कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख हवी ती लिहिता येते, तेव्हा जुन्या तारखांचे कमिट पेरून त्या तक्त्यावर चित्रे आणि अक्षरे उमटवणारे प्रोग्रामही निघाले. दिवाळीच्या पाडव्याला घरातली मंडळी ओवाळण्यासाठी खोळंबलेली असताना एखादा जावई आत लॅपटॉप उघडून एका टिपेतली वेलांटी दुरुस्त करून घेताना दिसला, तर त्याला कामाचा ताण आहे असे समजू नये. त्याची साखळी मध्यरात्री तुटणार आहे.

लबाडीलाही भरपूर वाव आहे. गुण घरच्या फोल्डरमधल्या एका साध्या फाइलीत असतात. ती उघडून हवा तो आकडा लिहिता येतो. स्वतः उघडणे कमीपणाचे वाटले तर एजंटाला सांगता येते. एजंट ती फाइल बदलतो, बदल झाला म्हणून हुक चालतो, आणि साधन या कष्टाबद्दल पाच गुण देते.

यापुढचा प्रश्न असा की मोजले काय जाते. फाइली मोजणे सोपे, ओळी मोजणे सोपे, टोकन मोजणे तर सर्वांत सोपे. कोड समजला की नाही हे मोजणे अवघड, म्हणून ते वगळले जाते. हा घोटाळा एआयच्या आधीचा आहे. 1982 च्या सुरुवातीला ॲपलमध्ये लिसा संगणकाचे काम चालू असताना व्यवस्थापकांनी दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा तक्ता भरायला सांगितला. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रे काढणाऱ्या ‘क्विकड्रॉ’चा एक भाग नव्याने लिहून तो सुमारे सहापट वेगवान केला होता, आणि त्यात दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी रकान्यात उणे 2000 भरले. पुढे काही आठवड्यांत त्यांच्याकडे तक्ता मागणे बंद झाले. आजच्या साधनात उणे गुणांची सोय क्वचितच असते, त्यामुळे ॲटकिन्सन यांची लेव्हल पहिलीच राहिली असती.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनधोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले त्याचे आजचे रूप असे: मापच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. प्रोग्रामर मंडळींनी याचे सप्रयोग प्रात्यक्षिक ऑक्टोबर 2020 मध्ये दिले. डिजिटलओशन ही कंपनी दर वर्षी ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. त्या वेळी मुक्त प्रकल्पांना चार सुधारणा पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. तेव्हा असंख्य प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत ‘छान प्रकल्प’ यासारखे शब्द घुसवण्याच्या सुधारणांचा पूर आला. प्रकल्प सांभाळणारे त्रासले, आणि पहिल्या काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढ्यांपुरता उत्सव मर्यादित करावा लागला. एका टी-शर्टासाठी माणूस इतके करतो. इथे तर मांजराच्या जिवाचा प्रश्न आहे. गिटहबने 2022 पासून जे बिल्ले सुरू केले त्यांतला एक, कोणी न तपासलेला बदल मुख्य कोडमध्ये मिसळल्याबद्दल मिळतो. तो बिल्ला लोक आपल्या पानावर अभिमानाने मिरवतात.

गुणांमागे धावण्यात माणूस एकटा नाही. ज्या तंत्राने एआयला शिकवतात त्यातही बक्षिसाचे गुणच असतात. डिसेंबर 2016 मध्ये ओपनएआयने एक उदाहरण प्रसिद्ध केले. होड्यांच्या शर्यतीच्या एका खेळात त्यांनी एआयला गुण मिळवायला शिकवले. वाटेतल्या खुणांना धडकले की गुण मिळत. नावेने शर्यत पुरी करण्याचा नाद सोडला आणि एका खाडीत गोल गोल फिरत त्याच त्या खुणांना धडका देत राहिली. तिला आग लागली, ती इतरांवर आदळली, उलट्या दिशेने गेली, आणि तिचे गुण मानवी खेळाडूंपेक्षा सरासरी 20 टक्के जास्त भरले. कोड लिहिणाऱ्या एजंटांतही ही खोड आढळलेली आहे: टेस्ट पास करून दाखव म्हटले की काही वेळा कोड सुधारण्याऐवजी टेस्टच सोपी होते. साधन त्याचे वीस गुण माणसाच्या खाती घालते. म्हणजे आता दोघेही खाडीतच आहेत, आणि किनाऱ्यावर तुतारी वाजते आहे.

साधन एकट्यापुरते असेपर्यंत नुकसान मर्यादित असते. लीडरबोर्ड सुरू केला की ते सार्वजनिक होते. कोणीतरी तो हिंजवडीतल्या टीमच्या ग्रुपवर टाकतो, टीम लीडला तो आवडतो, आणि पुढच्या सोमवारी तो सादरीकरणात दिसतो. तक्त्यात पहिला कोण, तर ज्याने सर्वांत जास्त टोकन जाळले तो. ज्याने नीट विचार करून एकाच प्रश्नात काम उरकले तो तळाला, आणि त्याला काही अडचण आहे का, अशी आस्थेने विचारपूस होते. हा वारा दूरचा आहे. एप्रिल 2025 मध्ये शॉपिफाय या कंपनीचे प्रमुख टोबी ल्युटके यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेले टिपण जाहीर केले. एआयचा वापर ही सर्वांकडून मूलभूत अपेक्षा आहे आणि त्याबद्दलचे प्रश्न कामगिरीच्या मूल्यमापनात येतील, असे त्यात होते. अप्रेझलमध्ये एखादी गोष्ट आली की ती भरपूर होते, हे सांगायला गुडहार्ट यांचीही गरज नाही.

वेगाचा अनुभव आणि वेग यांत किती अंतर असू शकते याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. मेटर या संस्थेने जुलै 2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुक्त प्रकल्पांत मुरलेले 16 प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीच्या कोडमधली 246 कामे. काही कामांत एआय वापरण्याची मुभा, काहींत मनाई, आणि निवड चिठ्ठी टाकून. सुरुवातीला प्रोग्रामरांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ 24 टक्के वाचेल. प्रत्यक्षात 19 टक्के जास्त लागला. काम संपल्यावर विचारले तेव्हाही ते म्हणाले, साधारण 20 टक्के वेळ वाचला. अभ्यास छोटा, साधने 2025 च्या सुरुवातीची, त्यामुळे तो निकाल सर्वांना लावता येत नाही. पण तुतारी न वाजवता जर एवढा भास होतो, तर वाजवल्यावर तो कुठे जाईल याची कल्पना करता येते.

साधन काढून टाकणे हाही स्थापनेचाच भाग मानला पाहिजे, कारण ती वेळ बहुतेकांवर येते. मांजराचे कौतुक ओसरते, तुतारी मीटिंगमध्ये वाजते, आणि ‘एनपीएम अनइन्स्टॉल’ टंकले जाते. साधन जाते, सेटिंग्जमधले हुक राहतात. मग एजंटाच्या प्रत्येक हालचालीला टर्मिनल नसलेल्या साधनाला हाक मारते आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर मिळवते. ते बंद करायला जेसन फाइलीतल्या नोंदी हाताने काढाव्या लागतात, स्वल्पविराम सांभाळून. हे काम पुष्कळदा एजंटाकडे सोपवले जाते, आणि या वेळी मात्र त्याचे गुण कोणालाच मिळत नाहीत.

असे साधन चांगलेही बनवता येईल. हुकची सोय तीच, फक्त मोजायच्या गोष्टी बदलायच्या. एजंटाला ‘नाही, त्याऐवजी असे कर’ म्हटले की दहा गुण. बदल दाखवल्यावर एका सेकंदात ‘हो’ दाबले तर शून्य. कोडच्या ओळी कमी झाल्या आणि टेस्ट शाबूत राहिल्या तर पन्नास. रविवारी लॅपटॉप न उघडल्याबद्दल बिल्ला. त्या साधनाने लेव्हल हळू चढेल आणि लीडरबोर्ड कंटाळवाणा दिसेल, त्यामुळे ते लोकप्रिय होण्याची शक्यता कमी आहे.

तोवर ज्यांना हौस आहे त्यांनी आहे ते साधन खुशाल बसवावे. एक-दोन आठवडे मजा येते, आणि पाथ म्हणजे काय ते कायमचे समजते. मात्र आधी सेटिंग्जच्या फाइलीची प्रत काढून ठेवावी, हुकमध्ये काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, लीडरबोर्ड बंद ठेवावा, आणि आपली लेव्हल काय झाली ते टीम लीडला सांगू नये.